चर बुजण्याआधी मोजणी व्हावी: नाशिक महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय: सर्व खात्यांची सामायिक नकाशा-माहिती आणि तिची देखभाल कामाच्या अंतिम देयकाशी जोडण्याबाबत.

सविनय नमस्कार.

जलवाहिनीसाठी रस्त्यात चर खोदला की ती वाहिनी कुठून जाते, किती खोल आहे, शेजारी कुणाची केबल आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. दोन-चार दिवसांत चर बुजतो आणि वर खडी-डांबर येते. मग हीच माहिती हवी असली तर पुन्हा जेसीबी आणावा लागतो. सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. तोवर शहरात रस्ते, गटारे आणि जलवाहिन्यांची जी कामे होतील, त्यांत जमिनीखालचे नाशिक थोडा वेळ उघडे पडेल. तेवढ्या वेळात मोजून घेतले तर पुढची कित्येक वर्षे कामी येईल.

आम्ही नाशिकमध्ये जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती) आणि मोजणीचे काम करणारी माणसे आहोत. हे पत्र तक्रारीचे नाही. सुमारे २५९ चौरस किलोमीटर क्षेत्र, सहा विभाग आणि डझनभर खाती असलेल्या कुठल्याही संस्थेत नकाशांची जी गत होते, ती सगळीकडे सारखीच असते. दर काही वर्षांनी मोठे सर्वेक्षण होते, सुंदर नकाशा तयार होतो, सादरीकरण होते आणि दुसऱ्या दिवसापासून तो नकाशा जुना होऊ लागतो. सर्वेक्षणासाठी निविदा निघते, देखभालीसाठी कधी निघत नाही. म्हणून आमची मागणी एकच आहे: काम झाल्यावर त्याची मोजणी सामायिक माहितीसाठ्यात जमा झाल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक निघू नये. बाकी जे लिहिले आहे ते ही अट कागदावर राहू नये म्हणून काय लागेल, याबद्दल आहे.

आधी चरातली मोजणी. वाहिनीचे प्रत्येक वळण, टी (फाटा फुटतो ती जागा), व्हॉल्व्ह, व्यास बदलण्याची जागा आणि दुसऱ्या वाहिनीशी होणारा छेद मोजायचा. सरळ भागात दर २० मीटरला एक बिंदू पुरतो. उंची पाइपच्या माथ्याची, समुद्रसपाटीपासूनची घ्यायची. रस्त्याच्या पृष्ठभागापासूनची खोली नुसती लिहून ठेवली तर पुढच्या डांबरीकरणात रस्ता १० सेंटिमीटर वर येतो आणि तो आकडा खोटा ठरतो. सोबत व्यास, साहित्य, टाकल्याची तारीख, कामाचा करार क्रमांक आणि उघड्या चराचा फोटो. यासाठी आरटीके रोव्हर (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत जागा मोजणारे यंत्र) वापरावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे कॉर्स जाळे (कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांचे) महाराष्ट्रात उपलब्ध आहे, त्यामुळे स्वतःचे बेस स्टेशन न मांडताही दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता मिळू शकते. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटर चुकतो. सहा मीटरच्या गल्लीत एवढ्या चुकीने डाव्या हाताची वाहिनी उजव्या हाताला जाते. भद्रकाली किंवा सराफ बाजारासारख्या दाट वस्तीत रोव्हरलाही पुरेसे आकाश दिसत नाही. तिथे जवळच्या मोकळ्या जागी दोन कंट्रोल पॉइंट (अचूक मोजलेले संदर्भबिंदू) घेऊन टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, आत जावे लागते. वेळ जास्त जातो, पण त्याला पर्याय नाही.

या मोजणीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब हवी. ती नसेल तर ठेकेदार एखाद्या मुलाला संगणकावर बसवून रेघ ओढून घेतो. अशी रेघ ओळखायला सोपी असते. ती रस्त्याच्या मधोमध नाकासमोर जाते आणि पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत खोली बरोबर १.०० मीटर असते. कनिष्ठ अभियंत्याने चर उघडा असतानाच दहा टक्के बिंदू स्वतः पुन्हा मोजावेत. फरक १० सेंटिमीटरपेक्षा जास्त निघाला तर सगळी मोजणी परत पाठवावी. ती मान्य झाली की संगणकप्रणाली एक पावती क्रमांक देईल. तो क्रमांक मोजमाप पुस्तिकेत लिहायचा आणि लेखा विभागाने देयकासोबत तो पाहायचा. नवे खाते नको, नवी समिती नको. मोजमाप पुस्तिका (एमबी) आधीपासून आहेच, तिच्यात एक रकाना वाढेल.

आता ही मोजणी जमा कुठे करायची? आज बहुतेक मोठ्या संस्थांत नकाशे फायलींच्या रूपात फिरतात. पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशी भावंडे नांदत असतात आणि खरी कोणती हे फक्त एका माणसाला माहीत असते. त्याची बदली झाली की तेही कळेनासे होते. शेपफाइल हा सर्वांत प्रचलित प्रकार. तो चार-पाच फायलींचा जुडगा असतो. ईमेल करताना एक मागे राहिली की निर्देशांक पद्धत (जागा दाखवणारे आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत ती नोंद) हरवते किंवा मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट जागा असते आणि युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे ‘प्रभाग’ एवढासा शब्दही रकान्याचे नाव म्हणून मावत नाही. मजकुरालाही २५४ बाइटांची मर्यादा असल्याने लांब मराठी पत्ता मध्येच तुटतो. तुटल्याची सूचना बहुधा येत नाही, ही खरी पंचाईत.

त्यामुळे मूळ माहिती एकाच डेटाबेसमध्ये असावी. पोस्टजीआयएस हा नकाशांसाठीचा डेटाबेस विनाशुल्क आहे, क्यूजीआयएस या नकाशा-प्रणालीतून त्यावर थेट काम करता येते, आणि एकाच वेळी दहा जणांनी संपादन केले तरी तो सांभाळून घेतो. जिओपॅकेज ही एकाच फाइलीत मावणारी नकाशा-फाइल साइटवर न्यायला उत्तम; पण ती कार्यालयाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवून चार जणांनी एकदम उघडली तर अडकते, कधी बिघडतेही. साइटवरून आलेली माहिती थेट मुख्य तक्त्यात जाऊ नये. आधी ती प्रतीक्षा तक्त्यात यावी, तिथे तपासण्या व्हाव्यात: रेषेचे टोक शेजारच्या वाहिनीला खरोखर जुळते का, तीच वाहिनी दोनदा आली का, व्यासाच्या रकान्यात १५० मिलिमीटरऐवजी ६ इंच लिहिले का. टोक पाच सेंटिमीटरने जरी तुटके राहिले तरी पडद्यावर ते जुळलेलेच दिसते. पाणी फुटल्यावर मात्र ‘कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे’ असे विचारले की संगणक त्या फटीपाशी थांबतो आणि चुकीचे उत्तर देतो.

निर्देशांक पद्धतीबद्दल एक लेखी आदेश निघाला तरी निम्मे घोटाळे थांबतील. नाशिक यूटीएम या मीटरमधल्या जागतिक निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येते. अशा पद्धतींच्या ईपीएसजी या यादीत तिचा क्रमांक ३२६४३. साठवण आणि मोजमाप याच पद्धतीत व्हावे. इथे एक किलोमीटरमागे सुमारे २० सेंटिमीटर कमी भरतात, तेवढे चालते. वेबवरच्या नकाशांची पद्धत, क्रमांक ३८५७, मोजमापाला अजिबात वापरू नये. नाशिकच्या अक्षांशावर तिच्यात लांबी सहा टक्क्यांहून अधिक आणि क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त दिसते. त्या नकाशावर छतांचे क्षेत्रफळ मोजून कुणी घरपट्टीच्या नोंदींशी ताडले तर अख्खे शहर वाढीव बांधकामाचे दोषी ठरेल! भारतात पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एव्हरेस्ट पद्धतीचे जुने नकाशे न बदलता वर ठेवले तर नाशिकच्या परिसरात सगळेच शंभर मीटरहून जास्त सरकते. ती चूक निदान लगेच दिसते.

उंचीची चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त महागात पडते. जीपीएसची मूळ उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात साठेक मीटरांचा फरक आहे. एका चेंबरची उंची ५८० आणि शेजारच्याची ५२० आली तर कुणीही चमकेल. पण दोन ठेकेदारांनी दोन वेगळे बेंचमार्क (उंची मोजण्याचे संदर्भबिंदू) धरले आणि त्यांत ३० सेंटिमीटरचे अंतर असले, तर कुणालाच शंका येत नाही. १:२०० उताराच्या गटारात ३० मीटरवरच्या दोन चेंबरांत फरकच १५ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदावर पाणी उलटे वाहू लागते, आणि त्या कागदावर पुढचे गटार आखले जाते. पूररेषांचेही तसेच, त्याही उंचीवरूनच आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले यावरून जुने नाशिककर पूर मोजतात, ते माप निदान कधी बदलत नाही. महापालिकेच्या सगळ्या कामांनाही तसाच एक बेंचमार्क-संच लागेल: विभागवार, दगडात पक्का केलेला आणि निविदेत नावानिशी दिलेला.

मालकीचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो तंत्राचा नाही. प्रत्येक लेअरचा (नकाशावरच्या एकेका विषयाच्या थराचा) एकच मालक असावा. बाकी सर्वांनी तो पाहावा, वापरावा, चूक कळवावी, पण हात लावू नये. जलवाहिन्या पाणीपुरवठ्याच्या, आरक्षणे नगररचनेची, यात वाद नाही. इमारतींच्या लेअरवर मात्र गाडी अडते. बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला नगररचनेकडे, आकारणी घरपट्टीकडे, नळजोडणी तिसरीकडे. प्रत्येकाने आपापली इमारत काढली तर एकाच घराच्या तीन चौकटी होतात. आमच्या मते इमारतीचा आकार नगररचनेने सांभाळावा. घरपट्टीने आपली माहिती त्याला क्रमांकाने जोडावी, आणि परवानगी नसलेले बांधकाम सापडले तर तोही आकार नगररचनेनेच ‘परवानगीविना’ अशी खूण करून घालावा. इथे हमखास कुरकुर होते, कारण आकार नकाशावर घातला म्हणजे बांधकाम मान्य केले असे वाटते. तसे नाही, हे आपल्या सहीने लिहून द्यावे लागेल.

जोडणीचा क्रमांक निरर्थक असावा. त्यात विभाग, प्रभाग, गल्ली असे काही गुंफू नये. २०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ ला प्रभाग ३१ झाले. प्रभागावरून क्रमांक दिला असता तर निवडणुकीपाठोपाठ सगळ्या घरांची ओळख बदलली असती. सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता क्रमांक हे सगळे वेगळ्या रकान्यांत राहू द्यावेत. एका सर्व्हे नंबरात पन्नास इमारती असतात आणि एक सोसायटी दोन सर्व्हे नंबरांवर पसरलेली असते, म्हणून त्यांपैकी कुणालाही जोडणीची किल्ली करता येत नाही.

नावांचेही तसेच. त्र्यंबक रोड, त्रंबक रोड, त्र्यंबकेश्वर रोड. म्हसरूळ आणि म्हसरुळ. नासर्डी आणि नंदिनी. माणसाला ही एकच वाटतात, संगणकाला वेगळी. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात डोळ्यांना न दिसणारी जोडचिन्हे राहून जातात आणि हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द जुळत नाहीत. उपाय साधा आहे: रस्ते, वसाहती आणि नद्यांच्या नावांचा एकच तक्ता, प्रत्येकाला क्रमांक, पर्यायी नावे शेजारी. कुणीही नाव टाइप करायचे नाही, यादीतून निवडायचे.

सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभे राहील. तिथल्या तात्पुरत्या वाहिन्या, रस्ते आणि विजेचे खांब याच साठ्यात यावेत, पण ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखांसह. नाहीतर मेळा उठून जातो, नकाशावरचे नळ तसेच राहतात, आणि पाच वर्षांनी कुणीतरी त्यांच्यावरून अंदाजपत्रक करतो. काढून टाकलेली वस्तूही पुसू नये. तिला शेवटची तारीख द्यावी. जमिनीत सोडून दिलेली जुनी वाहिनी खोदणाऱ्याला आडवी येतेच.

माणसे किती लागतील? मुख्यालयात एक डेटाबेस सांभाळणारा आणि दोन जीआयएस विश्लेषक, प्रत्येक विभागात एक मोजणी जोडी. कायम पदे नसली तरी चालेल, पण सल्लागार संस्थेच्या करारात लिहून घ्यावे की मूळ मोजणी, डेटाबेस आणि प्रशासकाचे पासवर्ड महापालिकेचे आहेत आणि शेवटच्या हप्त्याआधी ते हस्तांतरित होतील. बॅकअप रोज रात्री, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. दर तीन महिन्यांनी तो बॅकअप खरोखर उघडून पाहावा; न तपासलेला बॅकअप वेळेवर उघडत नाही. मालमत्ताधारकांची नावे आणि फोन नंबर सामायिक लेअरमध्ये घालू नयेत. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय व्हॉल्व्ह शोधणाऱ्याला घरमालकाचे नाव लागत नाही.

सुरुवात जुन्या नकाशांच्या शुद्धीकरणाने करू नये. ते काम संपत नाही आणि दरम्यान नवे चर बुजत राहतात. जुने आहे तसे साठ्यात घ्यावे, प्रत्येक रेषेला ‘अचूकता माहीत नाही’ असा शेरा मारावा, आणि जिथे रस्ता खोदला जाईल तिथे ती रेष खऱ्या मोजणीने बदलावी. १:४००० च्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघ जमिनीवर दोन मीटर रुंद असते. तिच्यावर बसून वाद घालण्यात अर्थ नाही.

परिपत्रक चार ओळींचे पुरेल: ‘यापुढील कार्यादेशांत भूमिगत कामांची मोजणी चर उघडा असताना, यूटीएम ४३ उत्तर पद्धतीत व महापालिकेच्या बेंचमार्कवरून करण्यात यावी. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब असावी. मोजणी सामायिक साठ्यात स्वीकारल्याचा पावती क्रमांक मोजमाप पुस्तिकेत नोंदवावा. त्याशिवाय अंतिम देयक लेखा विभागाकडे सादर करू नये.’ पाणीपुरवठा आणि भूमिगत गटार या दोन खात्यांना, एकाच विभागापुरते का होईना, हे लागू करून पाहावे. तपासणीचे नियम आणि तक्त्यांची रचना लिहून द्यायला आम्ही तयार आहोत, विनामोबदला.

आपले,
नाशिकमधील जीआयएस व मोजणी क्षेत्रात काम करणारे काही नागरिक