खर्च मांडला, पण पावत्या कुठे?

महोदय,

मार्चअखेरीस कोषागारासमोर बिलांची रांग लागते. त्यातले संक्षिप्त देयक (एसी बिल) विशेष तपासायला हवे. त्यावर आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयासाठी कोषागारातून पैसे काढून वाटणारा अधिकारी) पावत्यांशिवाय आगाऊ रक्कम उचलतो. ती उचलल्या दिवशीच राज्याच्या हिशेबात 'खर्च' म्हणून चढते, मग वस्तू आलेली असो वा नसो. नंतर तपशीलवार देयक (डीसी बिल) प्रमाणके, म्हणजे खर्चाच्या पावत्या, जोडून राज्याचे हिशेब ठेवणाऱ्या महालेखापालांकडे जावे लागते. उरलेली रक्कम चलन (भरणा-पत्र) भरून सरकारजमा करायची असते.

इथेच घोडे अडते. अधिकारी बदलून जातो, पावत्या जुन्या फायलीत राहतात, नवा माणूस सही करायला धजावत नाही. काही वेळा तर निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपताच रद्द होऊ नये, एवढ्यासाठीच ३१ मार्चपूर्वी पैसे काढून बँक खात्यात ठेवतात. पुस्तकात तरतूद संपलेली, प्रत्यक्षात काम सुरूही नाही! लेखापरीक्षकाने काय तपासायचे?

उपाय अवघड नाही. बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत प्रलंबित एसी बिलांचा क्रमांक, दिनांक, रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. जुने बिल मिटेपर्यंत त्या अधिकाऱ्याचे नवे एसी बिल संगणकप्रणालीनेच रोखावे. विभागवार थकबाकी दरमहा संकेतस्थळावर टाकावी.

– एक वाचक, पुणे