पहिला नायट्रो ट्रक घेतोयस, तर...

फ्रिस्को, टेक्सास
रविवार

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला. पहिला नायट्रो ट्रक, म्हणजे छोट्या इंजिनावर पळणारा रिमोटचा ट्रक, कोणता घेऊ, हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सांग, नायट्रोच का? नुसता वेग आणि उड्या हव्या असतील तर ब्रशलेस मोटरचा इलेक्ट्रिक ट्रक घे. बॅटरी जोडली की पळाला, आणि वेगात तो आज नायट्रोला हार जात नाही. नायट्रो घ्यायचा तो इंजिनासाठी. पण तुला मी ओळखतो. साताऱ्यात काकांच्या लूनाचा कार्ब्युरेटर तू नुसत्या आवाजावर लावायचास, तेव्हा जेवायचीही शुद्ध नसायची तुला. तुझ्यासारख्याला इलेक्ट्रिक पुरणार नाही.

इंजिन टू-स्ट्रोकच, लूनासारखं, तेलही इंधनातच मिसळलेलं. पण पेट्रोल नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. त्या तेलात बहुधा एरंडेलही असतं, त्यामुळे धुराचा वास वेगळाच येतो. जगात सर्वांत जास्त एरंडेल आपल्या देशात निघतं, तेही बहुतेक गुजरातेत. स्पार्क प्लग नसतोच. त्याऐवजी ग्लो प्लग, आत प्लॅटिनमची बारीक तार. सुरू करताना दीडेक व्होल्टने ती लाल करायची, मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून आणि दाबाच्या उष्णतेने ती आपोआप धगधगत राहते. मला अजूनही याचं नवल वाटतं.

आता इंजिनाची मापं. दुकानात पंधरा, एकवीस, अठ्ठावीस असे आकडे ऐकशील. पंधरा म्हणजे 0.15 घन इंच, साधारण 2.5 सीसी. एकवीस म्हणजे 3.5 आणि अठ्ठावीस म्हणजे 4.6. तुला कुणीतरी मोठ्याकडे ओढेलच. जाऊ नकोस. मोठं इंजिन इंधन जास्त पितं, चाकांना ताकद पोचवणाऱ्या डिफरन्शिअल आणि शाफ्टवर जास्त जोर टाकतं, आणि ट्युनिंग शिकायच्या आधीच तुला दुरुस्तीला बसवतं.

माझं मत ट्रॅक्ससच्या टी-मॅक्स 3.3 कडे आहे. 1999 मध्ये पहिला टी-मॅक्स आला, तेव्हापासून लोकांच्या गॅरेजमध्ये एवढे साठलेत की वापरलेला सहज मिळेल. फोर व्हील ड्राइव्ह आहे, रिव्हर्स आहे, आणि दोरी ओढायची नाही: हातातला स्टार्टर लावला की तोच प्लग तापवतो आणि तोच इंजिन फिरवतो. रेव्हो त्याच कंपनीचा, सस्पेन्शन त्याहून सुरेख, पण गुंतागुंतीचं. तो दुसरा ट्रक म्हणून घे. एचपीआयचा सॅव्हेज अॅल्युमिनियमच्या दोन उभ्या पाट्यांमध्ये बांधलेला, दणकट. मला मनापासून आवडतो, फक्त पहिला म्हणून नाही.

खरं तर मॉडेलपेक्षाही एक गोष्ट मी वर ठेवतो. कोलंबसमधल्या तुझ्या जवळच्या हॉबी शॉपमध्ये जा आणि भिंत बघ. तुझ्या ट्रकचे सस्पेन्शन आर्म, क्लच बेल, ग्लो प्लग तिथे टांगलेले असले पाहिजेत. तुटणार तर आहेच. शनिवारी सकाळी तुटलं आणि पार्ट पुढच्या गुरुवारी आला, की छंद कपाटात जातो. भिंतीवर दुसऱ्याच कंपनीचा माल दिसला तर माझं मत बाजूला ठेव आणि ती कंपनी घे.

वापरलेला बघायला गेलास तर चकचकीत बॉडीकडे बघू नकोस. इंजिन थंड असताना ग्लो प्लग काढायला सांग आणि फ्लायव्हील बोटाने फिरव. पिस्टन अगदी वर पोचताना अडकल्यासारखा व्हायला हवा, कारण स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, वरच्या बाजूला मुद्दाम निमुळती केलेली असते. तापली की ती फुगते आणि जागा बरोबर होते. काही न अडकता गरगर फिरलं, तर इंजिन झिजलंय. मग एअर फिल्टर उघड. फोमला तेल नसेल, आतल्या नळीत धूळ असेल, तर किंमत कितीही कमी असो, निघून ये. रिमोट जुना 27 मेगाहर्ट्झचा असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचा सेट बसवायचा खर्च धर, आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटताच थ्रॉटल बंद करणारी सोय, नसताना चालवू नकोस. सिग्नल तुटला आणि थ्रॉटल उघडाच राहिला तर चार-पाच किलोचा ट्रक ताशी साठच्या वेगाने कुणाच्या पायावर जाईल, सांगता येत नाही. चिरंजीव शेजारी उभे असणार.

इंधन गाड्यांसाठीचं घे, 20 टक्के नायट्रोचं; विमानाचं नको. नवीन इंजिन असेल तर पहिल्या काही टाक्या मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी, ठेव, मध्ये मध्ये पूर्ण थंड होऊ दे, आणि बंद करताना पिस्टन खाली आणून ठेव. नंतर कार्ब्युरेटरची हाय-स्पीडची सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, थोडी थोडी आवळत जा. एका वेळी घड्याळाच्या तबकडीवर काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढीच, त्याहून जास्त नाही. मग एक फेरी मार आणि बघ: फुल थ्रॉटलला निळसर धुराची रेघ मागे राहिलीच पाहिजे. थांबवून इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाक. क्षणात चर्रकन उडाला तर मिश्रण लीन आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय, सुई लगेच सैल कर. तीन-चार सेकंद उकळत राहिला तर ठीक. तापमापक मिळाला तर 100 ते 120 अंश सेल्सिअसमध्ये ठेव. तुला आवाज कळतो, तरी सुरुवातीला थेंबावरच भरवसा ठेव.

ओहायोच्या थंडीत सुरू करण्याआधी इंजिन हेअर ड्रायरने गरम करून घे, नाहीतर त्या निमुळत्या स्लीव्हमध्ये कनेक्टिंग रॉडवर उगाच ताण येतो. दिवस संपला की टाकी रिकामी होईपर्यंत चालव आणि इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तेलाचे, थेंब टाक. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आत राहिलं तर बेअरिंग गंजतात.

आणि इंधनाचा कॅन गॅरेजमधल्या वॉटर हीटरजवळ ठेवू नकोस. तिथे पायलट ज्योत, म्हणजे सतत जळणारी बारीक ज्योत, असते, आणि मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून कुलपात ठेव. वहिनींनाही हे सांगून ठेव.

दुकानातली भिंत बघून आलास की फोटो पाठव. मग ठरवू.

तुझा,
अभिजित