दोष प्रेक्षकाच्या माथी कशाला?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी विज्ञान-मालिकांवरचा लेख वाचला. ‘स्टार ट्रेक’, ‘स्टार वॉर्स’, ‘डॉक्टर हू’ ही मंडळी आता जुन्या आठवणींवर गुजराण करत आहेत, हे लेखकाचं निदान मला मान्य आहे. कारण मात्र पटलं नाही. प्रेक्षकालाच नवीन काही नको असतं, त्याला तेच चेहरे पुन्हा हवे असतात, असं त्यांचं म्हणणं. बाकी दोघांबद्दल मी बोलत नाही. ‘स्टार ट्रेक’पुरतं मात्र ठामपणे सांगतो की हा आरोप टिकणारा नाही.

मी दूरसंचार खात्यात आयुष्य काढलेला माणूस. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हापासून तिच्या नादी लागलो. अमेरिकेत ती १९६६ मध्ये सुरू होऊन ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंदही पडली होती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला एंटरप्राइझ या अवकाशजहाजाचा कप्तान कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि जहाजावरचे डॉ. मॅकॉय ताजेच होते. पुढची मालिका, ‘द नेक्स्ट जनरेशन’, मुलाने डीव्हीडी आणून दिल्या तेव्हा सलग पाहिली.

ही १९८७ ची मालिका म्हणजे लेखकाच्या मुद्द्याला सरळ उत्तर आहे. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडेनबेरींनी काळ सुमारे शंभर वर्षं पुढे नेला आणि कप्तानापासून इंजिनिअरपर्यंत सगळी माणसं नवी आणली. कर्क-स्पॉकशिवाय कसलं आलंय ‘स्टार ट्रेक’, म्हणून जुने चाहते तेव्हाही चिडलेच होते. जुन्यांपैकी पहिल्या भागात फक्त मॅकॉय दिसतो. पार म्हातारा, १३७ वर्षांचा. त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. यंत्रमानव डेटाशी दोन शब्द बोलतो, जहाजाला आशीर्वाद दिल्यासारखं करतो आणि निघून जातो. मग चाहत्यांनी काय केलं? पाहत राहिले. पहिलं वर्ष खरं तर सुमार होतं, काही भाग तर आज बघवत नाहीत. पण ती मालिका एका मोठ्या वाहिनीच्या मर्जीवर नव्हती, पॅरामाउंटने ती गावोगावच्या स्टेशनांना थेट विकली होती. त्यामुळे तिला चुकायला सवड मिळाली. तिसऱ्या वर्षापर्यंत ती अशी काही बहरली, की सात वर्षांत १७८ भाग झाले. आज ज्यांच्या आठवणीने लोक हळवे होतात तो कप्तान पिकार्ड आणि तो डेटा एके काळी नकोसे पाहुणे होते.

नव्यांचं बस्तान बसल्यावरच जुने आले. १९९१ मध्ये स्पॉक आला, १९९२ मध्ये कर्कच्या जहाजाचा मुख्य इंजिनिअर स्कॉटी. स्कॉटीच्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर त्या एका भागात आहे. एका कोसळलेल्या जहाजावर, माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या किरणात स्वतःला साठवून ठेवून स्कॉटी ७५ वर्षं काढतो. बाहेर येतो तो नव्या एंटरप्राइझवर. उत्साहाने इंजिनरूममध्ये शिरतो, मदत करू पाहतो, आणि तिथला तरुण मुख्य इंजिनिअर जॉर्डी कामाच्या घाईत त्याच्यावर वैतागतो. मग स्कॉटी होलोडेकवर, म्हणजे हवं ते दृश्य हुबेहूब उभं करणाऱ्या खोलीत जाऊन, आपल्या जुन्या एंटरप्राइझचा ब्रिज, म्हणजे नियंत्रण कक्ष, उभा करायला सांगतो आणि त्या रिकाम्या ब्रिजवर एकटाच पीत बसतो.

निवृत्तीनंतर मी एकदा कंदी पेढे घेऊन आमच्या एक्स्चेंजमध्ये गेलो होतो. स्ट्रोजर या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजची खडखड ज्या हॉलमध्ये कानठळ्या बसवायची, तिथे एका कोपऱ्यात दोन कपाटं गुणगुणत होती. मुलं अगदी अदबीने वागली. ‘साहेब, बसा ना’ म्हणाली, पेढा तोंडात टाकला आणि स्क्रीनकडे वळली. त्यांचं काही चुकलं नाही. पण स्कॉटीचा तो भाग आता पाहताना मला हातातला चहा बाजूला ठेवावा लागतो.

त्या भागात स्मरणरंजनाला किंमत मोजावी लागते. होलोडेकवरचा तो ब्रिज खोटा आहे हे स्कॉटीला कळतं, आणि तो स्वतःच तो बंद करायला लावतो. (निर्मात्यांनाही अख्खा सेट परवडला नव्हता. ब्रिजचा एक तुकडा बांधला आणि बाकीच्यासाठी जुन्या मालिकेतल्या रिकाम्या ब्रिजचं चित्रीकरण जोडलं.) शिवाय त्याच भागात एक अस्सल वैज्ञानिक कल्पना आहे: ताऱ्याची सगळी ऊर्जा वापरता यावी म्हणून त्याच्याभोवती बांधलेलं प्रचंड कवच. फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने ती १९६० मध्ये मांडली होती. म्हणजे जुना माणूस आला, पण सोबत काहीतरी नवं घेऊन आला.

खानचंही तसंच. १९६७ च्या एका भागातला हा खलनायक १९८२ च्या चित्रपटात परत आला. तो चित्रपट लोकांच्या मनात राहिला तो काही नुसत्या खानमुळे नाही. त्यात कर्क म्हातारा होतोय. मॅकॉय त्याला वाढदिवसाला चष्मा भेट देतो. पंधरा वर्षांपूर्वी एका माणसाला ओसाड ग्रहावर सोडून आपण विसरून गेलो, त्याची फळं त्याला भोगावी लागतात, आणि काचेपलीकडे स्पॉक मरतो. १९८४ मध्ये स्पॉकला परत आणलं, ही चलाखी होतीच. पण त्यासाठी कर्कने मुलगा गमावला आणि जहाजही. आता २०१३ चा चित्रपट घ्या. पुन्हा खान, पुन्हा तीच काच, फक्त या वेळी मरणारा कर्क आणि ओरडणारा स्पॉक. थोड्याच वेळात खानच्या रक्ताचं इंजेक्शन देऊन कर्क उठून बसतो. आपल्याकडे जुनी नाटकं पुन्हा रंगमंचावर येतात तेव्हा संहिता जुनी आणि नट नवा असतो, आणि नव्या नटाला स्वतःचं काही दाखवावं लागतं. इथे नटही नवे होते, तरी दाखवलं काय, तर जुन्या प्रसंगाची उलटी नक्कल.

आता मुख्य मुद्दा. २०२० मध्ये पिकार्डच्या नावाची मालिका आली. पहिल्या दोन पर्वांत रिओस, जुराटी, सोजी, एल्नॉर अशी नवी माणसं होती. २०२३ च्या तिसऱ्या पर्वात या चौघांपैकी एकही नाही. नव्यांतली राफी तेवढी उरली. बाकी जागा पिकार्डच्या जुन्या सहकाऱ्यांनी भरली, जुनं जहाज संग्रहालयातून बाहेर निघालं, त्याच्या गालिच्याचंही कौतुक झालं. शत्रू कोण, तर १९८९ पासूनचे अर्धे सजीव, अर्धे यंत्र असे बोर्ग. शेवटी सगळे पत्ते खेळायला बसतात, अगदी १९९४ सारखे. माझे डोळे भरून आले, ते लपवत नाही. पण हिशेब बघा. त्या नव्या माणसांना दोन पर्वांत मिळून जेमतेम वीस भाग मिळाले. ‘नेक्स्ट जनरेशन’चे वीस भाग झाले तेव्हा तिचं पहिलं वर्षही संपलं नव्हतं. पिकार्डच्या हाताखालच्या रायकरला दाढीसुद्धा आली नव्हती! तेव्हाच निकाल लावला असता तर पिकार्ड आज कुणाला आठवला असता?

वर्षाला दहा भाग, मधे दीड-दोन वर्षांचा खंड, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गणीदार वाढले पाहिजेत ही ओटीटीवाल्यांची घाई. एवढ्यात नव्या माणसावर जीव जडत नाही. मग ज्याच्यावर आधीच जडलाय त्याला बोलावतात. कर्कच्या काळाच्या आसपास घुटमळणाऱ्या ‘डिस्कव्हरी’ आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकाही त्यातूनच आल्या. ‘डिस्कव्हरी’ने तिसऱ्या पर्वात नऊशे वर्षं पुढे उडी मारण्याची हिंमत केली, तिचं श्रेय तिला द्यायला हवं. प्रेक्षकाला जुनंच हवंय, हे सिद्ध करायचं तर आधी त्याला नवं पुरेसं दाखवायला नको का?

यंदा ८ सप्टेंबरला ‘स्टार ट्रेक’ला ६० वर्षं होतील. पुरवणीत पुन्हा लेख येईल, आणि सोबत कर्क-स्पॉकचाच फोटो असेल, असा माझा अंदाज आहे. माझी सूचना अशी की या वेळी ‘डीप स्पेस नाइन’चा कप्तान बेंजामिन सिस्को छापा. १९९३ मध्ये आलेल्या या मालिकेत सुरुवातीला फिरतं जहाजसुद्धा नव्हतं, एका जागी अडकलेलं अवकाशस्थानक होतं, म्हणून चाहत्यांनी नाकं मुरडली होती. तिचा १९९८ चा एक भाग नायकाचं काम करणाऱ्या एव्हरी ब्रूक्सने स्वतः दिग्दर्शित केला. त्यात सिस्को १९५३ च्या न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथा लिहिणारा एक कृष्णवर्णीय लेखक होतो, आणि नायक काळा आहे म्हणून त्याची कथा असलेला अंकच मालक रद्द करतो. तोही भूतकाळच, पण त्यात परत जावंसं कुणालाही वाटणार नाही. लेखकमहाशयांनी तेवढा एक भाग पाहावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, सातारा