रत्नागिरीच्या फायबर-मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४ मीटर पंख आणि उड्डाणाच्या वेळी १४ किलो वजन असलेले आपले मानवरहित विमान या हिवाळ्यात उडाले आणि सुखरूप उतरले, हे तुम्हांला फोनवर कळवलेच आहे. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण विमान पाहायला येणारा प्रत्येक जण इंजिन आणि ऑटोपायलट यांविषयीच विचारतो, आणि या दोन्ही वस्तू पैसे मोजले की मिळतात. तुमच्या शेडमध्ये मला जे मिळाले, त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. तुमचे नाव लिहायचे नाही, ही तुमची अट पाळली आहे.

मच्छीमार नौकांना फायबर लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडे विमानाच्या पंखांचे काम घेऊन जावे का, अशी शंका माझ्या मित्रांनी घेतली होती. तुम्ही पंखाच्या गाभ्यासाठी आणलेल्या फोमचा तुकडा हातात घेतलात, काचकापड भिजवून कडक करणाऱ्या, डब्यातल्या पॉलिएस्टर रेझिनचा एक थेंब त्यावर टाकलात आणि काही क्षणांत तिथे पडलेला खड्डा मला दाखवलात. त्या रेझिनमधले स्टायरिन पॉलिस्टायरिनचा फोम विरघळवते, म्हणून पंखांना महाग पडले तरी इपॉक्सी हे दुसरे रेझिनच वापरावे लागेल, हे पहिल्याच भेटीत ठरले. इपॉक्सीचे काम पावसाळ्यात करायचे नाही, दमट हवेत त्यावर चिकट थर येतो आणि पुढचा थर नीट धरत नाही, हेही तुम्हीच बजावलेत. नाहीतरी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढलेल्या नौकांच्या दुरुस्तीमुळे तुम्हांला श्वास घ्यायला सवड नसते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो तुमचा वजनकाटा. नौकेला चार किलो रेझिन जास्त लागले तरी समुद्र कुरकुरत नाही, हे तुम्ही हसत सांगत असा. पण विमानाचा विषय निघाला की कापड आधी तोलायचे, तेवढ्याच वजनाचे रेझिन घ्यायचे आणि भांड्यात उरेल ते टाकून द्यायचे, हा नियम तुम्ही एकदाही मोडू दिला नाहीत. नौकेसाठीची सुट्या काचतंतूंची जाड मॅट आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक रेझिन पिते, म्हणून तिच्याऐवजी विणलेले पातळ काचकापड घ्यायचे, ही सूचनाही तुमचीच. त्यावर प्लास्टिकची पिशवी लावून जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरने हवा ओढली, तेव्हा जास्तीचे रेझिन शोषकापडात उतरले. या काटेकोरपणाचे मोल आकड्यांत मांडता येते : विमानाचे वजन २० टक्क्यांनी वाढले, तर ते हवेत तोलून धरणारा किमान वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि जमिनीला टेकताना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी. आमच्या विमानाचा हा किमान वेग गणिताने ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास येतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, उतरणाऱ्याला याहून जास्त वेग नकोच असतो.

दुसरी गोष्ट टाकीची. अमेरिकेतल्या मेनार्ड हिल यांच्या चमूने २००३ साली न्यूफाउंडलंडहून सोडलेले सुमारे ५ किलोचे मॉडेल विमान ३८ तासांहून अधिक काळ उडत आयर्लंडला पोहोचले आणि निघताना त्याचे जवळजवळ निम्मे वजन इंधनाचे होते, हे मी तुम्हांला मोठ्या कौतुकाने सांगत होतो. तुम्ही एवढेच विचारलेत, "पेट्रोल संपत आलं तेव्हा तोल कुठे गेला?" नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, टाकी रिकामी झाली की नौकेचे टोक कसे वर येते, हे रोज पाहणाऱ्याला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते; माझ्या आराखड्यात मात्र टाकी इंजिनाला लागून होती. ५५ सीसी पेट्रोल इंजिनाचा कार्ब्युरेटर पडद्याच्या पंपाने इंधन ओढून घेतो, त्यामुळे टाकी मागे नेण्यात अडचण नव्हती. ती गुरुत्वमध्यावर, पंखाखाली बसवली आणि टाकी भरलेली असो वा रिकामी, तोल जागचा हलत नाही.

पंख तयार झाल्यावर रुपयाच्या नाण्याने बोट-बोट अंतरावर ठोकत तुम्ही सबंध पृष्ठभाग ऐकलात, आणि पंखाच्या मुळाशी एका ठिकाणी थर नीट न चिकटल्याचा बद्द आवाज आला तेव्हा तेथे सुई टोचून रेझिन भरलेत. त्यानंतरच पंख उलटा ठेवून, मुळाकडे जास्त आणि टोकाकडे कमी अशा बेताने, सुमारे ५० किलो वाळूच्या पिशव्या त्यावर रचल्या. उड्डाणातल्या चौपट भाराएवढी ही परीक्षा होती. पंख वाकला, पिशव्या उतरवल्यावर पूर्ववत झाला, आणि तुम्ही चहा सांगितलात.

उड्डाणाविषयी फार लिहीत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार छंदासाठी असलेल्या मॉडेल विमानाला २५ किलोची मर्यादा आणि नजरेच्या टप्प्यात ठेवण्याचे बंधन आहे. विमानतळ आणि किनारा यांपासून दूर, ड्रोनच्या नकाशावर हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात येणारा आणि कातळशिल्पे नसलेला सडा शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. वारा पडलेला असताना विमान उचलले, त्याने डोक्यावर काही रुंद घिरट्या घेतल्या आणि उतरताना चाकांखेरीज त्याचा कोणताही भाग जमिनीला लागला नाही.

काका, तुम्ही दिलेला वेळ, काटा आणि कान यांबद्दल मी मनापासून आभारी आहे. मजुरीचा हिशेब तुम्ही अजून सांगितलेला नाही. तो सांगितल्याशिवाय पुढचे काम आणणार नाही, असे ठरवले होते, पण शेपटीचा नवा साचा करायचा आहे आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे नेण्याची माझी तयारी नाही. पावसाळा सरून शेडमध्ये जागा झाली की कळवावे. कापड तोलून आणतो.

आपला कृतज्ञ,
एक हौशी विमान बांधणारा