तीन महिन्यांच्या साखरेच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनही छापा

संपादक महोदय,

मधुमेहींना दर काही महिन्यांनी 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीएवनसी, करायला सांगतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करताना ही तपासणी माझ्या हातून रोज होत असे. यंत्राची देखभाल नीट असेल आणि रोज कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) लावले जात असतील, तर ती भरवशाची आहे, हे आधी सांगते. अडचण होते ती तिचा आकडा एकटाच वाचल्यामुळे.

माझ्या जाऊबाईंचेच पाहा. रिपोर्ट आला 7.2, म्हणजे सरासरी साखर 160 च्या आसपास. घरच्या मीटरचे आकडे लिहून ठेवतात त्या वहीत मात्र उपाशीपोटीची साखर 105-110 आणि जेवणानंतरची 150 च्या आतच. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून गोळी वाढवली. आठवडाभरातच दुपारच्या जेवणाआधी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मीटरवर साखर 62! घरच्या मीटरमध्ये थोडाफार फरक चालतो, खरी साखर 200 असताना 170 ते 230 पर्यंत काहीही दिसू शकते. म्हणून मी शिरेतले रक्त लॅबमध्ये देऊन ताडून पाहिले. मीटर बरोबर होते. मग हिमोग्राम, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी, आणि लोहाची तपासणी केली, तर हिमोग्लोबिन 8.4 आणि लोह अगदी तळाला. वाढवलेली गोळी डॉक्टरांनी लगेच कमी केली, लोहाचे उपचार सुरू केले. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन वर आले आणि एचबीएवनसी 6.5 झाले. वहीतले आकडे होते तसेच होते.

ही तपासणी रक्तातली साखर थेट मोजतच नाही. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते मोजते. हे हिमोग्लोबिन ज्या तांबड्या पेशीत असते, ती साधारण 120 दिवस जगते, या हिशेबावर सगळे उभे आहे. लोह कमी असले की आकडा खऱ्यापेक्षा वर जाऊ शकतो. नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर तो खोटाच खाली येतो, आणि हे मला जास्त धोक्याचे वाटते. कारण चांगला रिपोर्ट पाहून कोणी पुढे चौकशीच करत नाही. सिकलसेलसारख्या हिमोग्लोबिनच्या जन्मजात दोषात काही पद्धतींचे आकडे चुकतात. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही जपूनच वाचावे लागते.

माझी मागणी एवढीच, की एचबीएवनसीच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन आणि तपासणीची पद्धत छापणे बंधनकारक करावे. जांभळ्या टोपणाच्या ज्या नळीत हे रक्त घेतात, त्याच नळीतून हिमोग्रामही होतो. दुसरी सुई टोचावी लागत नाही. आकडा आणि वही जुळत नसेल, तर डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. त्यातून आधीच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते आणि हिमोग्लोबिनचा तिथे संबंध येत नाही. रुग्णांनीही दवाखान्यात जाताना रिपोर्टसोबत मीटरची वही न्यावी, आणि डॉक्टरांनी ती उघडून पाहावी.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन