माळा रिकामा करण्यापूर्वी

म्युनिक, १२ ऑक्टोबर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार झाला असून डिसेंबरअखेर कोथरूडची जागा रिकामी करून भाड्याच्या लहान घरात जायचे आहे, हे आईकडून कळले. वहिनी, मुले शाळेत असताना त्यांचा सगळा पसारा एका दिवसात भंगारवाल्याला देऊन टाकला तर काय हरकत आहे, असे तुम्ही विचारलेत. हरकत आहे, आणि ती फोनवर घाईत सांगण्यासारखी नाही.

वस्तू मुलांच्या नकळत नाहीशा झाल्या की ती उरलेल्या वस्तूंना अधिकच चिकटून राहतात. आणखी काय जाईल ही धास्ती एकदा बसली की पेनाचे तुटके टोपणही सोडवत नाही. म्हणून धाकट्याला काय टाकायचे ते विचारू नका, नव्या घरी काय न्यायचे ते विचारा. एक खोके त्याच्या स्वाधीन करा. त्यात मावेल ते त्याचे. ज्यांबद्दल त्याचे मन ठरत नसेल त्या वस्तू पिशवीत बांधून महिनाभर कपाटावर ठेवाव्यात आणि त्याने एखादी मागितलीच तर चकार शब्द न काढता काढून द्यावी. बहुतेकींची पुन्हा आठवणही निघत नाही.

खेळणी कमी झाली म्हणून मुलांचे काही अडत नाही. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ लहानग्यांपुढे एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली होती. चारच असताना मुले एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली. ती मुले दीड ते अडीच वर्षांची होती, तेव्हा थोरलीला हे जसेच्या तसे लावू नये. इकडे बव्हेरियात तर व्यसनप्रतिबंधाच्या विचारातून १९९२ साली काही महिने खेळणीच बाजूला ठेवणाऱ्या बालवाडीचा प्रयोग सुरू झाला; मुले मग खुर्च्या आणि पांघरुणे घेऊन स्वतःच खेळ उभा करतात. ऐकणाऱ्याला हे फार नवलाचे वाटते, पण माती, विटा, पोते आणि मूठभर हळीव एवढ्यावर दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पुण्यातल्या पोरांना ते कुणी शिकवायला नको.

खरी मेहनत वस्तू योग्य हाती पोहोचवण्यात आहे. आई बोहारणीपुढे जरीच्या जुन्या साड्या पसरून बसायची आणि एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायची. झबली-दुपटी धुऊन, उन्हात वाळवून पुढच्या बाळंतिणीकडे जायची. तीच रीत चालू ठेवावी. शाळेची पुस्तके खालच्या वर्गातल्या कुणाला द्यावीत, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेणारे आहेत. बाबांची हत्यारे आणि बंद पडलेली घड्याळे जुन्या बाजारात खपतील. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांतले सेल आधी काढून ई-कचऱ्यात द्यावेत आणि रद्दी, प्लास्टिक, काच वेगवेगळे बांधून कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंना विचारून द्यावे, म्हणजे हाताने कचरा निवडण्याचा त्यांचा त्रास वाचेल. आपल्या शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला आहे. आपले घर मोकळे करताना भार पुन्हा कुणाच्या तरी गावावर पडावा, याला मी आवराआवर म्हणणार नाही.

आणि कृपा करून नीटनेटकेपणासाठी बांबूच्या टोपल्या आणि पारदर्शक डबे विकत आणू नका. माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे किती आहेत ते मला ठाऊक आहे. वाढदिवसाच्या भेटवस्तूंचा ओघ थांबवणे त्याहून अवघड. नातेवाइकांना आधीच सांगावे की, खेळण्याऐवजी मुलांना सिंहगडावर घेऊन जा किंवा पोहण्याच्या शिकवणीची फी भरा. आजीला मात्र यातून सूट द्यावी; ती ऐकणार नाही आणि तिने ऐकूही नये.

आईची पितळी भातुकली थोरलीला विचारून ठेवावी. तिला नको असेल तर मी नाताळच्या सुट्टीत येईन तेव्हा घेऊन जाईन. माझ्या कॉलेजच्या वह्या बिनदिक्कत रद्दीत घाला. मला विचारलेत असे समजा.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी