हातभर वाट

लॉख ऑ, स्कॉटलंड
14 जून

तीर्थरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

मृगाचा पाऊस लागला, आणि गुडघा दुखत असताना तुम्ही ओढ्यावर, आपल्या पऱ्ह्यापर्यंत जाऊन पाणी किती चढलंय ते बघून आलात, असं दादा म्हणाला. आई रागावली असणार. मला मात्र ऐकून फार बरं वाटलं. फोनवर माशांचं बोलणं पुरं होत नाही, म्हणून लिहायला बसले. रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खिडकीत अजून उजेड आहे. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या पुढे मावळतो.

वॉर्डातून दोन दिवस सुट्टी मिळाली तशी मी तळ्यावर आले. ओबनहून ग्लासगोच्या गाडीत बसलं की तासाच्या आत लॉख ऑ नावाचं स्टेशन येतं. तळ्याला इथे लॉख म्हणतात, शेवटचा ख घशातून. हे तळं 41 किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी जेमतेम किलोमीटरभर रुंद आहे. महाडहून माणगावला पोचलात तरी उरेल एवढं! थांबून राहिलेली नदीच वाटते. एका टोकाला पडका किल्ला आणि त्याच्यामागे क्रूआखन डोंगर, 1,126 मीटर उंच. त्याच्या पोटात वीजघर आहे, 1965 पासूनचं. विजेची मागणी कमी असली की तळ्याचं पाणी वर डोंगरातल्या धरणात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडतात.

मला गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, नेतात ते आमच्या शेजारचे आजोबा. ऐंशीच्या घरात आहेत, कमी बोलतात, बोट मात्र अशी धरतात की वल्ह्याचा आवाज येत नाही. तुमचीच जात. पहिल्या दिवशी मी सरळ काठावर जाऊन बसणार होते, तर म्हणाले, आधी परवाना. इथे पाण्यातला मासा कुणाच्याच मालकीचा नसतो, पण तो पकडायचा हक्क काठाच्या मालकाचा असतो. मला ते तेव्हा खटकलं आणि अजूनही खटकतं. नदी सगळ्यांची, हे तुमच्याकडून शिकलेलं डोक्यातून जात नाही. पण हंगामाचं मला मनापासून पटलं. ब्राऊन ट्राऊट हा इथला मासा 15 मार्च ते 6 ऑक्टोबर एवढाच धरायचा. त्यानंतर मादी ओढ्यांत चढते, शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. त्या दिवसांत तिला हात लावायचा नाही.

गांडूळ लावून बसण्याची पद्धत इथेही आहे, पण तळ्यावरची जुनी रीत निराळी. बोट वाऱ्याला आडवी सोडून द्यायची. वारा तिला हळूहळू पुढे ढकलतो आणि आपण पुढच्या पाण्यावर दोरी टाकत राहायचं. दोरीला तीन गऱ्या, आणि गऱ्यांवर आमिष म्हणून पिसांच्या खोट्या माश्या. एक माशी मी भिंगाखाली बघितली, तिला 'सोल्जर पामर' म्हणतात. नखाएवढ्या गरीवर लाल लोकर गुंडाळलेली, तिच्यावरून सोनेरी तारेचे वेढे, आणि त्या वेढ्यांत कोंबड्याचं तपकिरी पीस असं अडकवलेलं की एकेक केस बाहेर उभा. सगळ्यात वरची माशी पाण्याच्या कातडीवर नुसती नाचवायची, बुडू द्यायची नाही. ट्राऊट येतो तो बहुतेक तिलाच बघायला.

पहिला आला तेव्हा मला कळलंच नाही. पाणी जरासं फुगल्यासारखं झालं, एवढंच. मी झटका दिला आणि माशी त्याच्या तोंडातून काढून घेतली. आजोबा म्हणाले, तो वळेपर्यंत थांब. आबा, आपल्या डोहावर, कोंडावर तुम्ही माझा हात धरून हेच सांगायचात, "तोंड मिटू दे गं त्याला." दुसऱ्याला मी थांबले. पाव किलोच्या आसपासचा होता. पाठ कासवासारखी तपकिरी, पोट लोण्यासारखं, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, जणू कुणी बसून काढलंय. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक इवलासा मांसल पर, बोटाच्या पेरासारखा. तो आपल्या कुठल्याच माशाला मी पाहिला नाही. मारायचा तर लगेच मारायचा, तडफडत ठेवायचा नाही. त्यासाठी वीतभर दांडकं असतं, त्याला 'प्रीस्ट' म्हणजे पाद्री म्हणतात. शेवटचा मंत्र तो म्हणतो म्हणून.

आईला सांगा, इथे ट्राऊट ओटच्या भरड्यात घोळवून लोण्यात परततात, आपण रव्यात घोळवतो तसंच. मी त्याला तिने दिलेलं कोकमाचं आगळ आणि तिखट लावलं. आजोबांनी दोन तुकडे खाल्ले आणि काटे ताटाच्या कडेला ओळीने लावून ठेवले.

आता एक मनाला लागलेली गोष्ट. ट्राऊट आणि सामन हे इथे खानदानी मासे. पाईक, पर्च वगैरे बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. ते धरणारे बहुतेक लोक वजन बघून, फोटो काढून परत सोडतात. पाईक लांबुळका, हिरवट, तोंडभर दातांचा. त्याला काय लावतात माहीत आहे? अख्खा मेलेला बांगडा! इथला बांगडा आपल्याहून निराळा, पण घराणं एकच. जिवंत मासा आमिषाला लावायला स्कॉटलंडमध्ये कायद्याने बंदी आहे. गरीच्या वर पाईकसाठी तारेचा तुकडा बांधावा लागतो, कारण नुसती दोरी तो कापतो. गेल्या महिन्यात तार संपली होती. मी म्हटलं एकदा बघू या, आणि आजोबांना न विचारता तशीच दोरी टाकली. मासा लागला, दोन हिसके बसले आणि दोरी हलकी झाली. गरी आणि बांगडा घेऊन तो खाली गेला. आजोबा रागावले नाहीत, नुसते पाण्याकडे बघत राहिले. ती गरी त्याच्या जबड्यात किती दिवस राहिली असेल, हे माझ्या मनातून जात नाही. आता तार नसेल तर मी पाईकला जात नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते पुढेच आहे.

तळ्यातून ऑ नदी निघते आणि थोड्याच अंतरावर समुद्राच्या खाडीला मिळते. तिच्यावर विजेसाठी बांध घातलाय. समुद्रातून अंडी घालायला चढणारा सामन तिथे अडला असता. म्हणून बांधातच माशांसाठी लिफ्ट ठेवली आहे. खालच्या हौदातून पाणी सोडतात, त्या धारेच्या ओढीने मासा आत येतो. मग दार बंद होतं, तिरकी विहीर भरत जाते, पाण्याबरोबर मासा वर येतो आणि तळ्याच्या बाजूने बाहेर पडतो. मी तिथे तासभर उभी होते. आजोबांनी आणखी एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी नदीवर आडवे बांध घालून मासे धरायचे, तेव्हा शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत बांधात फट उघडी ठेवावी लागे. 'शनिवारची फट' म्हणत तिला. बांध कुणाचाही असो, त्या दीड दिवसात जो मासा चढला तो चढला. अजूनही रविवारी सामनला गरी टाकता येत नाही.

ते ऐकलं आणि मला आपला पऱ्ह्या दिसला. वळगणीला, पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा, तुम्ही दगडांचा बांध घालून बांबूची टोपली लावायचात, तेव्हा डावीकडे हातभर वाट मोकळी सोडायचात. मी लहानपणी ती वाट दगडाने बुजवली होती, मासे जातायत म्हणून. तुम्ही दगड काढलात आणि म्हणालात, ती पोटुशी आहेत, माहेरी चाललीत. त्या वर्षी मला फार राग आला होता तुमचा.

दादा सांगत होता, आता पोरं पऱ्ह्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावतात, रात्री बॅटरीचा करंट सोडतात, आणि वरच्या कोंडात कुणीतरी जिलेटिन फोडलं. करंटने पिल्लंसुद्धा मरतात, आबा, खाण्याजोगे चार मिळतात आणि बाकीची वाहून जातात. पलीकडे वाळण कोंडात देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, तिथे चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे खडशी, म्हणजे महाशीर, वर येतात ते मी तुमच्याबरोबरच पाहिलंय. सायक्स नावाच्या साहेबाने 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाला शास्त्रीय नाव दिलं, तेही 'खुद्री'. जगभरच्या पुस्तकांत तो त्याच नावाने आहे. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांच्या केंद्रात महाशीराची पिल्लं वाढवतात, असं वाचलंय. पिल्लं तिथून आणता येतील, पण चढायला वाट नसेल तर आणून काय करायचं?

ग्रामसभा या महिन्यात आहे ना? सरपंच तुमचा शब्द मोडत नाही. करंट आणि जिलेटिन बंद व्हावं, आणि वळगणीच्या पहिल्या आठ दिवसांत जाळ्याला हातभर वाट राहावी, एवढं तुम्ही उभं राहून बोला. फट माझ्यासारख्या पोरीने बुजवली होती तेही सांगा, मला चालेल. दादाला बरोबर न्या, चिखलातून एकटे जाऊ नका.

पाकिटात तीन माश्या पाठवतेय, कापसात गुंडाळून, गरीची टोकं बुचात खुपसली आहेत. आईला पाकीट फोडू देऊ नका. लाल ती सोल्जर पामर. काळी, चंदेरी वेढ्यांची, ती ब्लॅक पेनेल. तिसरी मी स्वतः बांधलीय, आपल्या कोंबड्याचं पीस आईने राख्यांबरोबर पाठवलं होतं ते वापरून. खडशी तिला येतो का, कोंडाच्या खालच्या अंगाला टाकून बघा, आणि आला तर सोडून द्या.

यंदा वळगण कोणत्या तारखेला चढली आणि कोण कोण होतं तिच्यात, ते दादाकडून लिहून पाठवा.

तुमची,
माई